अहिराणी पुस्तक स्कॅन करायचंय? आधी ओसीआर पारखून घ्या

‘मन्हा बाप वावरमा काम करी ऱ्हायना.’ धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, या भागात कुठेही ही ओळ शेंबड्या पोरालाही कळेल: माझा बाप शेतात काम करतोय. आता समजा, ही ओळ एका जुन्या पुस्तकात छापलेली आहे. त्या पानाचा तुम्ही फोटो काढला आणि संगणकाला वाचायला दिला. एक सॉफ्टवेअर लिहून देईल, ‘मन्हा बाप बावरमा काम करी न्हायना’. दुसरं लिहील, ‘म्हणा बाप वावरमा काम करी राहना’. आणि एखादा एआय चॅटबॉट स्वच्छ मराठीत उत्तर देईल, ‘माझा बाप वावरात काम करत राहिला’.

तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. पण पहिली चूक नजरेला टोचते आणि माणूस थांबतो. दुसरीतल्या ‘म्हणा’पाशी अहिराणी जाणणारा अडखळतो, न जाणणारा पुढे निघून जातो. तिसऱ्या ओळीत अडखळायला काही उरलेलंच नाही. शुद्धलेखन बिनचूक, वाक्य सरळ; फक्त बोली गेली, आणि चालू असलेलं काम भूतकाळात जाऊन बसलं. पुस्तकांसाठी ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर, निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: याची चूक दिसते का? अचूकता किती टक्के, किंमत किती, भाषा किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

खानदेशात हा मुद्दा जास्त जाचतो. २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातली (अहिराणी त्यातच येते) नोंदवली आहे, तरी ओसीआरच्या भाषांच्या नेहमीच्या याद्यांमध्ये अहिराणी नसते. रावेर-यावल पट्ट्यातली लेवा गणबोली नसते, नंदुरबारकडच्या भिली बोली नसतात. आपल्याला ‘मराठी’ निवडूनच काम भागवावं लागतं. आणि वाचवायला हवं ते तर याच बोलींमध्ये आहे: कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, गावाच्या इतिहासाची छोटी पुस्तिका, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. तालुक्याच्या छापखान्यात काही शे प्रती छापल्या, वाटल्या, संपल्या. राहिलेली प्रत कुणाच्या तरी लोखंडी पेटीत असते आणि तिला कसर लागलेली असते. अशा प्रतीचा मजकूर संगणकात आणताना तो बदलला, तर पुढे तो कशाशी ताडून बघणार?

पान चित्र असतं, मजकूर नसतो

स्कॅन केलेलं पान आपल्याला वाचता येतं, पण संगणकाच्या लेखी ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र असतं. त्यात ‘वावर’ शब्द शोधा, सापडणार नाही. अंध वाचकाचा स्क्रीनरीडर अशा पानापुढे गप्प बसतो. त्या चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल, दुरुस्त करता येईल, ऐकता येईल असा मजकूर बनवणं, याला ओसीआर म्हणतात.

सॉफ्टवेअर आधी पान उजळतं, सरळ करतं, मजकुराचे चौकोन शोधतं, चौकोनातल्या ओळी वेगळ्या करतं आणि मग ओळ वाचतं. पूर्वी देवनागरीसाठी शिरोरेषा पुसून अक्षरं सुटी करायची आणि एकेक अक्षर ओळखायचं, अशी रीत होती. ती जिकिरीची होती, कारण आपलं अक्षर तीन थरांत लिहिलं जातं: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे मूळ अक्षर, खाली उकार. शिवाय जोडाक्षरं. ‘द्ध’ आणि ‘ष्ट्र’ कुठून कापायचे, हे यंत्राला कसं कळणार?

आताची सॉफ्टवेअर अक्षर कापत नाहीत. न्यूरल नेटवर्क, म्हणजे भरपूर उदाहरणं बघून शिकलेला प्रोग्राम, सगळी ओळ पट्टीसारखी या टोकाकडून त्या टोकाकडे वाचत जातं. टेसरॅक्ट हे मोफत, खुलं ओसीआर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलं. २००५मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, पुढे बरीच वर्षं गूगलने ते सांभाळलं आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीत त्यात हे नेटवर्क आलं. देवनागरीसाठी तो फार मोठा बदल होता.

मात्र हे नेटवर्क भरपूर मराठी मजकूर वाचून तयार झालेलं असतं आणि कोणत्या अक्षरामागे कोणतं येतं याचा त्याला सराव असतो. धुळीने माखलेल्या एसटीच्या पाटीवर ‘चो’ आणि ‘डा’ एवढंच दिसलं तरी जळगावच्या स्टँडवरचा माणूस ‘चोपडा’ वाचतो, तसंच ते करतं. पुसट छपाई वाचताना हा अंदाज फार कामाला येतो. पण ‘मन्हा’ त्याने क्वचितच पाहिलेलं असतं आणि ‘म्हणा’ हजारदा पाहिलेलं असतं. छपाई थोडी जरी फुटलेली असली की अंदाजाचा कौल ओळखीच्या शब्दाकडे जातो. चॅटबॉटचं भाषाज्ञान तर याच्या कैक पटींनी जास्त, त्यामुळे त्याचा कल त्याहून जोरदार. भाषा जितकी जास्त येते तितकं बोलीला जपून राहावं लागतं, असा हा उलटा न्याय आहे.

निम्मं काम फोटोतच होतं

लोक सॉफ्टवेअर बदलत राहतात आणि फोटो तोच वाकडा, अंधुक ठेवतात. माझा अनुभव असा की नीट काढलेल्या फोटोवर साधं सॉफ्टवेअरही चांगलं चालतं आणि वाईट फोटोवर महागडंही हात टेकतं. म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

पहिली गोष्ट बारकाव्याची. ओसीआरसाठी दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआय, हे प्रमाण मानलं जातं. अक्षर बारीक असेल, तळटीपा असतील तर ४०० घ्यावं. त्यापुढे बहुतेक वेळा फाइल फुगते, वाचन सुधारत नाही. मोबाइलने हे साधतं का? हिशोब करून बघा. डेमी आकाराचं पुस्तक उघडून ठेवलं तर दोन पानं मिळून साधारण ११ इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो देतो. पुस्तकाने चौकट पूर्ण भरली तर इंचाला ३५० ठिपके मिळतात. कडेला थोडी जागा सोडली तरी ३००च्या आसपास राहतात. म्हणजे मोबाइल पुरतो, पण चौकटीत अर्धी सतरंजी आली तर पुरत नाही.

दुसरी गोष्ट शिवणीची. पुस्तक उघडल्यावर मधल्या घडीकडे पान वळतं, ओळ कमानीसारखी वाकते आणि शिरोरेषेला धरून चालणारं वाचन तिथेच घसरतं. झेरॉक्सच्या दुकानात असतो तसा सपाट काचेचा स्कॅनर वापरायचा तर एक फरक माहीत असावा. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. काचेला चिकटलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं, घडीतला मजकूर धूसर होतो. जाडजूड सीसीडी स्कॅनरला थोडं वर उचललेलं पानही दिसतं. जुन्या पुस्तकाची पाठ दाबून सपाट करू नका. वरून मोबाइल स्टँडला लावावा, पानावर धुतलेली साधी काच हलकेच ठेवावी आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी पानं असे फोटो घ्यावेत. पुस्तक प्रत्येक फोटोला हलत नाही, त्यामुळे पुढची कापाकापी सोपी जाते.

उजेडाचं म्हणाल तर आपल्याकडे ऊन भरपूर, पण थेट ऊन पानावर नको. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीचा मवाळ उजेड उत्तम. फ्लॅश बंद. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असताना जुना कागद पापडासारखा मोडतो, तेव्हा ते काम दुपारी करू नका. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटून दिसत असतील तर पानाखाली काळा कागद सरकवा. मागची छपाई बरीच दबते. या युक्तीला खर्च काहीच नाही आणि फरक डोळ्यांना दिसतो.

फोटो दुसऱ्याकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. ते आकार दाबतं, आणि अनुस्वार, रफार, उकार हे बारीक अवयव सगळ्यात आधी जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

फोटो झाले की स्कॅन टेलर हे मोफत सॉफ्टवेअर दोन पानं वेगळी करतं, वाकडं पान सरळ करतं, कडेचे बोटांचे ठसे आणि काळ्या पट्ट्या काढतं. डाग पुसण्याची मात्रा मात्र अगदी कमी ठेवा. देवनागरीत अनुस्वार म्हणजे एक ठिपकाच असतो आणि ‘स्वच्छ कर’ म्हटलं की सॉफ्टवेअर धुळीबरोबर तोही झाडून टाकतं. ‘घरांत’चं ‘घरात’ झालं तर जुन्या लेखनाचा माग कायमचा पुसला.

कोणतं सॉफ्टवेअर?

त्याआधी एक तपासा. तुमच्या हातात जी पीडीएफ आहे ती खरंच स्कॅन आहे का? पुष्कळदा ती डीटीपी केलेली, म्हणजे संगणकावरच जुळवलेली असते, श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये. त्यातला मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते. अशा वेळी मूळ डीटीपीवाल्याकडे फाइल असेल तर फाँट कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा मजकुरात, नेता येते आणि ओसीआरची गरजच राहत नाही. फाइल नसेल तर त्या पीडीएफची पानं चित्रं म्हणून काढून ओसीआर करा. छपाई स्वच्छ असल्यामुळे निकाल फार चांगला येतो.

आता पर्याय. सगळ्यात सोपा म्हणजे गूगल ड्राइव्ह. चित्र किंवा पीडीएफ ड्राइव्हवर चढवायची, तिच्यावर राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडायची, मजकूर तयार. फाइल २ एमबीच्या आत ठेवा असं गूगलच सांगतं, म्हणून पुस्तकाचे तुकडे पाडावे लागतात. स्वच्छ छापलेल्या मराठीवर हे वाचन उत्तम चालतं. दोन स्तंभ, कोष्टकं, कवितेच्या ओळींची मांडणी यांचा मात्र चुथडा होतो. आणि इंटरनेट लागतं. ज्याच्याकडे वीसेक पानांची पुस्तिका आहे त्याने यापलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्ण पुस्तक, शेकडो पानं, घरच्याच संगणकावर करायची असतील तर टेसरॅक्ट. त्याला स्वतःचा पडदा-बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून लोक बिचकतात. पण नॅप्सटू किंवा जीइमेजरीडर ही मोफत सॉफ्टवेअर पडद्यामागे टेसरॅक्टच वापरतात आणि बटणांवर चालतात. ओसीआरमायपीडीएफ नावाचं आणखी एक साधन पूर्ण पीडीएफला एकाच आज्ञेत शोधण्याजोगं करतं. मराठी भाषेची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती न घेता इंग्रजीवरच चालवलं तर अर्थहीन अक्षरं येतात आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. हिंदीची फाइल मराठीला चालवू नका, त्याचं कारण पुढे येईल. भाषेच्या फाइली दोन धाटणीच्या मिळतात, वेगवान आणि सर्वोत्तम. जुन्या पुस्तकासाठी सर्वोत्तम घ्या, थोडा वेळ जास्त लागू द्या. इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे खेड्यातल्या वाचनालयाला हे सोयीचं; फक्त वीज जाते तेव्हा काम अर्धवट राहू नये म्हणून पन्नास-पन्नास पानांचे गठ्ठे करा.

टेसरॅक्ट मला आणखी एका कारणाने आवडतं. प्रत्येक शब्दाबद्दल आपल्याला किती खात्री आहे, याचा आकडा ते देतं. ० ते १००. कमी आकड्याचे शब्द रंगवून घेतले की तपासणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. अहिराणी मजकुरासाठी त्यातला शब्दसंग्रह बंद करण्याचीही सोय आहे. बंद करून आणि चालू ठेवून, दोन्ही प्रकारे एकेक पान करून बघा. सगळं झुकतं माप त्याने जात नाही, कारण नेटवर्कने जे शिकलंय ते शिकलंच आहे, पण थोडी मोकळीक मिळते.

पानाची मांडणी सांगणंही महत्त्वाचं. एकच सलग मजकूर आहे की दोन स्तंभ, हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि चुकतं. गाण्यांच्या पुस्तकात आखूड ओळी दोन रांगांत छापलेल्या असल्या की डावीकडची पहिली ओळ उजवीकडच्या पहिल्या ओळीला जोडली जाते आणि कडव्यांची सरमिसळ होते. अशा पानांचे स्तंभ आधीच कापून वेगळी चित्रं करणं सगळ्यात खात्रीचं.

विकत मिळणारी सॉफ्टवेअरही पुष्कळ आहेत. ‘शंभर भाषा’ या शब्दांवर जाऊ नका. यादीत ‘मराठी’ हे नाव शोधा, आणि चाचणीची मुदत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. रोमन लिपीत अप्रतिम चालणारं सॉफ्टवेअर देवनागरीत गारद होऊ शकतं. १८८०चं खानदेशाचं इंग्रजी गॅझेटियर वाचून दाखवणारं साधन तुमच्या स्मरणिकेला चालेलच असं नाही.

चॅटबॉटबद्दल. फाटक्या, डागाळलेल्या पानावरचा मजकूर हे एआय कधीकधी आश्चर्य वाटावं इतका छान लावतात. मी ते वापरू नका म्हणत नाही. पण ते न दिसलेली ओळ स्वतः रचून देऊ शकतात, दोन सारख्या ओळींतली एक गाळू शकतात आणि बोली सुधारतात. ‘जसं आहे तसंच दे’ असं सांगितल्याने हे कमी होतं, थांबत नाही. माझी रीत अशी: मूळ मजकूर दुसऱ्या ओसीआरने काढायचा आणि चॅटबॉटचं उत्तर शेजारी ठेवून जिथे दोघांत फरक आहे तिथेच पान उघडून बघायचं. जिथे फरक, तिथे चूक असण्याची शक्यता. दोघांनी एकच चूक केली तर मात्र ही रीत उपयोगी पडत नाही, त्यामुळे माणसाचं वाचन टळत नाही.

हस्तलिखितांचा विषय वेगळा आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्या पोथ्या किंवा वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळातले मोडी कागद या लेखातल्या साधनांनी वाचता येत नाहीत. मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण घरगुती ओसीआरला मोडी येत नाही. तिथे चांगले फोटो काढून ठेवणं आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला गाठणं, हेच.

आपल्या पानांवर परीक्षा घ्या

कुणाचंही मत ऐकून सॉफ्टवेअर ठरवू नका, माझंही नाही. तुमच्या पुस्तकातली पाच पानं काढा: एक स्वच्छ, एक डागाळलेलं, एक कवितेचं किंवा गाण्याचं, एक कोष्टकाचं, एक तळटिपांचं. ती हाताने बिनचूक टाइप करा. मग प्रत्येक सॉफ्टवेअरचा निकाल त्यांच्याशी ताडा आणि अक्षरांच्या चुका मोजा.

टक्केवारीने फसायला होतं, म्हणून गणित करून ठेवा. डेमी पानावर साधारण १८०० अक्षरं धरू. ९८ टक्के अचूक म्हणजे पानाला ३६ चुका, २०० पानांच्या पुस्तकात ७,२००. ९९.५ टक्के म्हणजे पानाला ९, पुस्तकात १,८००. दोन्ही आकडे जाहिरातीत ‘जवळपास शंभर’ दिसतात, आणि तपासणाऱ्याच्या कामात चौपटीचा फरक पडतो. एखादं पान ९० टक्क्यांवर आलं, म्हणजे १८० चुका, तर ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणं लवकर होतं.

चुका मोजताना त्यांचे दोन ढीग करा. वाचताना आपोआप दिसणाऱ्या एका बाजूला, न दिसणाऱ्या दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग ज्याचा लहान, ते सॉफ्टवेअर घ्या, मग त्याच्या एकूण चुका थोड्या जास्त असल्या तरी चालेल.

प्रूफ कुठे बारकाईने बघायचं

घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प, ब आणि व. खिळ्यांवरच्या छपाईत शाई पसरली की या जोड्या एकमेकींत मिसळतात. ‘ख’चा ‘रव’ होतो. विसर्गाचा अपूर्णविराम होतो, दंडाचा काना होतो. आकड्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल सगळ्यात घातक, कारण ‘१९१९’ला ‘१९११’ केलं तर वाचणाऱ्याला शंका येण्याचं कारणच नसतं. सनावळी, पृष्ठक्रमांक आणि देणगीच्या रकमा मूळ पानाशी स्वतंत्रपणे ताडा, वाचनाच्या ओघात नाही.

हिंदीची फाइल नको म्हटलं त्याचं कारण आता. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला र वेगळा आहे. हिंदीला ‘ऱ्या’ची गरज नाही, त्यामुळे हिंदी शिकलेलं सॉफ्टवेअर सातपुड्याच्या दऱ्यांचा समुद्र करतं. अहिराणीत ‘करी ऱ्हायना, जाई ऱ्हायना, खाई ऱ्हायना’ अशी रूपं पानापानावर असतात, म्हणून हा एक र तपासला तरी निम्मी अहिराणी बचावते. ळ, आणि मराठी वळणाचे ल व श, यांचंही तसंच.

जुनं लेखनही ओळखून असावं. १९६२मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम सरकारने स्वीकारले; त्याआधीच्या पुस्तकांत ‘तें’, ‘करणें’, ‘मुलांनीं’ असे अनुस्वार असतात. ओसीआर त्यातले काही ठेवतं, काही गाळतं, आणि एकाच पानावर दोन काळांचं शुद्धलेखन तयार होतं. काही जुन्या छपाईत ‘अि, अी, अु’ अशी सावरकरी वळणाची अक्षरं भेटतात. तीही सॉफ्टवेअरला उमगत नाहीत. मूळ लेखन ठेवायचं की आजच्या नियमांत आणायचं, हे काम सुरू होण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मी मूळच ठेवावं या मताचा आहे. आजच्या नियमांची प्रत त्यावरून केव्हाही करता येते, उलट्या दिशेने जाता येत नाही.

एक अडचण मजकूर बिनचूक असतानाही येते. ‘ऱ्हायना’तला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘ॲ’चंही तेच: स्वतंत्र अक्षर म्हणूनही येतो आणि अ-वर चंद्र देऊनही. तपासणी संपल्यावर शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे कोशकाराला, संशोधकाला त्याचा फार उपयोग होतो.

तपासणारी माणसं दोन हवीत. एक मोठ्याने मूळ पान वाचणार, दुसरा पडद्यावर बघणार, ही छापखान्यातली जुनी पद्धत अजून सगळ्यात चांगली. त्यातला एक तरी ती बोली घरात बोलणारा असावा. आजीला पुस्तक वाचता येत नसेल, पण तिला ओळ वाचून दाखवली तर ती लगेच सांगते, ‘आसं नही म्हनतस.’ मग पान पुन्हा बघायचं. छापील पानावर तसंच असेल तर तसंच ठेवायचं. आपण छापलेल्या मजकुराची प्रत करतोय.

कायदा आणि ठेवण

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून सगळ्यांना खुलं झालं. लेखकाच्या निधनानंतर प्रथमच छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या, गाण्यांचं पुस्तक १९५२मध्ये आलं. ती गाणी २०१३पासून मुक्त आहेत. पण त्याच पुस्तकाची आचार्य अत्रे यांची प्रस्तावना मुक्त नाही, कारण अत्रे १९६९मध्ये गेले. तिचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. एकाच पुस्तकातल्या वेगवेगळ्या पानांचा हिशोब असा वेगळा असू शकतो, हे स्कॅन करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

हक्क संपलेला नसला तरी काही वाटा मोकळ्या आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, आणि अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करता येते. ती प्रत इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकणं यात बसत नाही. गावातल्या लेखकाची मुलं-नातवंडं बहुतेक वेळा तालुक्यातच असतात. त्यांच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घेणं अवघड नसतं.

मुक्त पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत ही मला सर्वांत योग्य जागा वाटते. तिथे स्कॅनचं पान आणि मजकूर शेजारी शेजारी दिसतात, ओसीआरचं बटण तिथेच असतं, आणि पानाचा रंग सांगतो की काम कुठवर आलंय: लाल म्हणजे तपासायचं बाकी, पिवळं म्हणजे एकदा तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानेही तपासलं.

स्वतःकडे ठेवताना मूळ फोटो कधीही पुसू नका. उद्या चांगलं ओसीआर आलं की त्याच फोटोंवर पुन्हा चालवता येईल. वाटायची प्रत करताना वर चित्र आणि मागे अदृश्य मजकूर अशी पीडीएफ करा, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मूळ पानच राहतं आणि शोधही चालतो. फोटो, ओसीआरचा कच्चा मजकूर आणि तपासलेला मजकूर तीन वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. सोबत एक साधी मजकूर फाइल असू द्या: पुस्तकाची आवृत्ती आणि साल, छापखान्याचं नाव, प्रत कुणाकडून मिळाली, कोणतं सॉफ्टवेअर, त्याची कितवी आवृत्ती, कुणी तपासलं. मूळ प्रतीतच एखादं पान फाटून गेलेलं असेल तर त्याचा क्रमांकही तिथे लिहा, नाहीतर पुढचा माणूस ते तुमच्या फोटोंमध्ये शोधत बसेल.